म्हातारीचं पेट्रोल कुणी प्यायलं?

"टाकी परत कोरडी," बाबा म्हणाले आणि त्यांनी मोटारसायकल दोन्ही हातांनी गदागदा हलवली. आत काहीच डुचमळलं नाही.

पार्किंगच्या खांबाशी उभ्या असलेल्या ऋतिका, केयूर आणि दर्शनाने एकमेकांकडे पाहिलं. तिघं चारकोपच्या एकाच सोसायटीतली, एकाच शाळेतली. दिवाळीची सुट्टी लागल्यापासून त्यांचं एका गोष्टीवर एकमत होत नव्हतं. दर्शनाला किल्ला बांधायचा होता, केयूरला चिखलात हात घालायचे नव्हते आणि ऋतिकाला हवी होती एक झकास केस. ती आता समोर आयती उभी होती.

मोटारसायकलचं घरातलं नाव म्हातारी. ऋतिकाचे बाबा, नितेश परब, आठवडाभर बँकेत संगणकापुढे बसत आणि उरलेला जीव म्हातारीत ठेवत. रोज सकाळी ते तिला किक मारून सुरू करत, तिची धडधड मोबाइलवर टिपत आणि तो व्हिडिओ जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या ग्रुपवर टाकत. ग्रुपचं नाव 'धडधड मंडळ'. गाडी चालायची महिन्यातून एकदा, व्हिडिओ मात्र रोज. आई म्हणायची, सासूची एवढी चौकशी मी कधी केली नाही.

"काल तर भरलं होतं ना, काका?" केयूरने विचारलं.

"भरलं होतं रे. परवाही भरलं होतं. कोणीतरी काढून नेतंय."

ऋतिकाच्या अंगात उत्साह सळसळला. "बाबा, काल दुपारी मी आकाशदादाला इथे बघितलं. म्हातारीजवळ बसला होता. हातात बाटली होती. पिवळं काहीतरी होतं त्यात."

आकाश समोरच्या बिल्डिंगमधला, कॉलेजात शिकणारा. म्हातारी सुरू करताना रोज बाबांच्या बाजूला हजर असायचा, पण सध्या परीक्षेमुळे सकाळचा येत नव्हता. भाऊबीजेला मंडळाच्या सगळ्या गाड्या बोरीवलीपर्यंत फेरी काढणार होत्या, आणि यंदा म्हातारी तो चालवणार होता. बाबांनी स्वतः शब्द दिला होता. त्या दिवसापासून आकाश जमिनीवर चालत नव्हता.

बाबांचा चेहरा बदलला. "बाटली घेऊन काय करत होता? पेट्रोलचा पाईप काढत होता का?"

ऋतिकाने पाईप बघितला नव्हता. ती जिन्यात होती आणि तिला आकाशची पाठ आणि बाटली एवढंच दिसलं होतं. पण केयूर आणि दर्शना तिच्याकडे डोळे मोठे करून बघत होते, बाबा पहिल्यांदाच तिचं एखादं बोलणं मोबाइल खाली ठेवून ऐकत होते, आणि 'माहीत नाही' म्हटलं तर केस तिथेच मेली असती.

"हो," ती म्हणाली.

बाबांनी आकाशला बोलावून घेतलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं ऋतिकाला नंतर पुष्कळदा वाटलं.

"बाटलीत डिझेल होतं, काका," आकाश म्हणाला. "चेन साफ करत होतो. फेरीच्या आधी चकाचक करून तुम्हाला दाखवणार होतो."

"आणि पाईप?"

"पाईपला मी हात नाही लावला."

"ऋतिकाने बघितलंय."

आकाशने ऋतिकाकडे पाहिलं. ती चपलेच्या पट्ट्याशी खेळत राहिली. बाबांनी हात पुढे केला, आकाशने खिशातून म्हातारीची दुसरी चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि तो निघून गेला.

"केस खलास," केयूर म्हणाला. "एका दिवसात. आपण भारी आहोत यार."

ऋतिका हसली खरी, पण ते हसू तिला तिचंच वाटेना.

दुसऱ्या दिवशी ती दूध आणायला खाली उतरली तर गेटपाशी आकाशची आई भेटली. कमलकाकू. एरवी त्या तिची वेणी ओढल्याशिवाय पुढे जायच्या नाहीत, 'काय गं परबीणबाई' म्हणून हाक मारायच्या. आज त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि खाली बघत निघून गेल्या. ऋतिकाला भर गेटात रडायला आलं. 'हो' हा केवढासा शब्द, पण आता तो परत तोंडात घालता येत नव्हता.

त्यातून वाट लागली ती अशी, की टाकी पुन्हा रिकामी झाली.

"म्हणजे हा राग काढतोय आता," बाबा आईला सांगत होते. "माझ्याकडून एवढं शिकला आणि माझ्यावरच उलटला."

ऋतिकाने जेवण अर्धं टाकलं. तिने केयूर आणि दर्शनाला गच्चीच्या जिन्यात गाठलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"पाईप बघितलाच नव्हतास?" दर्शनाने विचारलं.

"नाही."

"मग बोललीस का?"

"माहीत नाही गं."

केयूर म्हणाला, "जा आणि काकांना सांग."

"सांगीन. पण नुसतं सांगून काय होणार? बाबा म्हणतील, तू बघितलं नसशील, पण त्यानेच केलं असेल. खरा चोर सापडला तरच आकाशदादा सुटेल."

हे तिचं म्हणणं अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे तिला सांगायची भीती वाटत होती. केयूरला ते कळलं, पण तो मित्र असल्यामुळे बोलला नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बाबांनी पुन्हा पेट्रोल आणून घातलं, म्हातारी सुरू केली, व्हिडिओ काढला, तिला पार खालच्या गालिच्यापर्यंत कव्हर घातलं आणि ते वर गेले. तिघांनी लगेच पाळत सुरू केली. पार्किंगच्या कोपऱ्यात चादर अंथरून पत्ते मांडले. जेवायलासुद्धा एकेकाने जायचं, दोघांनी थांबायचं. दुपारभर एक मांजर, एक कुरियरवाला आणि तोरण बांधायला आलेला वॉचमन यांच्याखेरीज कोणी फिरकलं नाही. म्हातारीजवळ तर मांजरही गेलं नाही.

"इकडे पेट्रोलचा वास केवढा येतोय," केयूर नाक मुरडत म्हणाला.

"तिला तसाच वास येतो. बाबा म्हणतात, तेच तिचं अत्तर." ऋतिकाने आपले पत्ते पालथे टाकले.

"मला काहीच येत नाहीये," दर्शना म्हणाली. तिला सर्दी झाली होती.

उन्हं उतरल्यावर ऋतिकाने कव्हर जरासं वर केलं आणि म्हातारी हलवून पाहिली. टाकी रिकामी होती. तिघांच्या नाकासमोर, कुणीही हात न लावता.

"भूत आहे," दर्शना म्हणाली.

"भूत कशाला पेट्रोल पिईल?" केयूर डोकं खाजवत म्हणाला. "थांब. तुझे बाबा रोज व्हिडिओ काढतात ना? त्यात मागे कोणी दिसतंय का बघू. चोर आधी येऊन टेहळणी करत असेल."

कल्पना बरी होती. धडधड मंडळाचे व्हिडिओ घरच्या टॅबवरही यायचे. घरात आई पूजेची तयारी करत होती आणि बाबा शेव आणि चकल्यांचे डबे वरून काढत होते. तिघं आतल्या खोलीत टॅबला डोकी लावून बसली.

आधी जुने, आकाशदादाच्या परीक्षेच्या अगोदरचे व्हिडिओ. म्हातारी धडधडते, बाबा कौतुकाने बोलतात, मग इंजिन बंद होतं आणि बाबा मोबाइल स्वतःच्या तोंडाकडे वळवतात, "काय मंडळी, कसा वाटला आवाज?" मोबाइल वळता वळता, अगदी शेवटी, पडद्याच्या कडेला एक हात येतो. निळ्या पट्ट्याच्या घड्याळाचा. टाकीखाली जातो, काहीतरी फिरवतो, निघून जातो.

"हा कोण?" दर्शनाने विचारलं.

"आकाशदादा. त्याचं घड्याळ आहे ते." ऋतिकाने पुढचा व्हिडिओ लावला. त्यातही तो हात आला. त्याच्या पुढच्यातही आला.

"काय फिरवतोय तो?"

ऋतिकाला एकदम कळलं. टाकीखाली पेट्रोलचा कॉक असतो, बोटाएवढी तोटी. गाडी उभी केली की ती बंद करायची. म्हातारीचं इंजिन जुनं. तोटी उघडी राहिली तर पेट्रोल थेंब थेंब खाली गळत राहतं. हे बाबांनीच तिला शंभरदा ऐकवलं होतं. आणि बाबाच व्हिडिओच्या नादात रोज तोटी उघडी टाकून मंडळींशी गप्पा मारत वर येत होते. मागून आकाश ती बंद करत होता. कधी त्याने ते बोलून दाखवलं नव्हतं.

तिने परीक्षेच्या दिवसांतला व्हिडिओ लावला. हात नव्हता. आज सकाळचा लावला. हात नव्हता.

"अगं, पण गळलं तर जमिनीवर दिसेल ना?" केयूर म्हणाला. "जमीन तर सुकी होती."

"जमीन कुठे दिसतेय? दिवाळीच्या साफसफाईत सेक्रेटरीबाईंनी तेलाच्या डागांवरून कटकट केली, म्हणून बाबांनी म्हातारीखाली आमचा जुना गालिचा घातलाय." बोलता बोलता ऋतिका थांबली. "सगळं पेट्रोल त्या गालिच्यात आहे."

बाहेर आईचा आवाज आला, "अहो, मी म्हातारीपुढे पणती ठेवून येते. वाहन म्हणजे लक्ष्मीच. मग आरतीला बसू." आणि दार लागल्याचा आवाज.

ऋतिका अनवाणीच धावली. जिन्यात कोणाच्या तरी रांगोळीवर तिचा पाय पडला, मागून कोणीतरी ओरडलं, ती थांबली नाही. पार्किंगमध्ये आई ताटातली पेटती पणती उचलून म्हातारीच्या चाकापाशी वाकत होती. ऋतिकाने तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि फुंकर मारून पणती विझवली.

"ऋतिका! लक्ष्मीपूजनाचा दिवा विझवतात?"

"आई, मागे हो. आधी मागे हो."

तिचा आवाज ऐकून आई खरंच मागे सरली. केयूरने कव्हर ओढून काढलं, दर्शनाने गालिच्याचं टोक उचललं. त्यातून पेट्रोल टपटप ठिबकलं. सर्दी झालेल्या दर्शनालासुद्धा तो वास आला.

पुढचं सगळं गडबडीत झालं. बाबा धावत खाली आले, त्यांनी तोटीकडे पाहिलं आणि तिथेच कपाळ धरलं. वॉचमनने वाळूची बादली आणली, गालिचा लांब उघड्यावर नेऊन टाकला, फटाके उडवणाऱ्या पोरांना पिटाळलं. घराघरांतून माणसं खाली उतरली. टॅबवरचा व्हिडिओ या हातातून त्या हातात फिरला.

"या पोरांनी बिल्डिंग वाचवली हो," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "यांचा सत्कार करायला पाहिजे." कोणी केयूरची पाठ थोपटली, कोणी दर्शनाच्या हातात लाडू ठेवला.

बाबा स्वतः समोरच्या बिल्डिंगमध्ये जाऊन आकाशला घेऊन आले. मागोमाग कमलकाकूही आल्या. सगळ्यांच्या देखत बाबा म्हणाले, "आकाश, माझं चुकलं. गाडी माझी, निष्काळजीपणा माझा, आणि आळ तुझ्यावर घेतला. भाऊबीजेला म्हातारी तूच चालवायचीस. आणि हे शोधून काढलं ते आमच्या ऋतिकाने."

कमलकाकू पुढे आल्या. त्यांनी ऋतिकाच्या डोक्यावर हात ठेवला. "गुणाची गं पोर माझी. आकाशसाठी धावलीस."

तो हात फार ऊबदार होता. ऋतिकाला वाटलं, काही बोलू नये, तो असाच राहू द्यावा. केयूर तिच्याकडे बघत होता.

"काकू," ती म्हणाली, "मी पाईप बघितला नव्हता. आकाशदादाने पाईप काढलाच नव्हता. मी उगाच हो म्हटलं."

कमलकाकूंचा हात तिच्या डोक्यावरून खाली आला.

"मीच तसं विचारलं तिला," बाबा हळू आवाजात म्हणाले. "तिच्या तोंडात मीच घातलं."

"तुम्ही विचारलंत, बाबा. हो मी म्हटलं." ऋतिका आकाशकडे वळली. "तुला माहीत होतं ना, मी खोटं बोलतेय?"

"होतं की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून कोण ऐकणार होतं? तोटी तर मी सवयीने बंद करायचो, तिथूनच गळतंय हे माझ्याही डोक्यात आलं नाही," आकाश म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "त्या वेळी मी तुझ्याकडे बघत होतो. म्हटलं, आता बोलेल. मग वाटलं उद्या येईल. रोज वाटायचं."

ऋतिकाला डोळे वर उचलवेनात.

"बोललीस ते बरं केलंस," कमलकाकू म्हणाल्या. "पण इथे बोलून काय उपयोग, पोरी? त्याचे बाबा वर आहेत. परब खोटं सांगणार नाहीत, म्हणतात. त्या दिवसापासून पोराशी एक शब्द बोललेले नाहीत. जेवताना पाठ करून बसतात."

"मी येते," ऋतिका म्हणाली. "आत्ताच."

"अगं, पूजा व्हायची आहे," आई म्हणाली.

"पूजा थांबेल," बाबा म्हणाले. "चल, मीही येतो."

केयूर आणि दर्शनाही निघाले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण राहवलं नाही. समोरच्या बिल्डिंगचा जिना चढताना ऋतिकाने मनाशी बरीच वाक्यं जुळवली, आणि दार उघडून आकाशचे बाबा, अंबादासकाका, समोर आले तेव्हा त्यातलं एकही आठवेना.

"काका, आकाशदादाने काही चोरलं नव्हतं," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. पेट्रोल आमच्याच चुकीने गळत होतं."

"खरं आहे, अंबादासराव," बाबा म्हणाले. "तुमच्या मुलाची काही चूक नाही. माझी आहे."

अंबादासकाका दाराची कडी धरून उभे राहिले. त्यांनी दोघांच्या खांद्यांवरून मागे पाहिलं. आकाश जिन्याच्या खालच्या पायरीवर, आणखी वर यावं की नाही अशा विचारात उभा होता.

"आकाश," ते म्हणाले आणि दारातून बाजूला झाले. "जेवलास का रे?"