चौथ्या जागेवर पिवळं हेल्मेट

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी एकदा आमच्या ओल्शाना गावाला यावं. रविवारी यावं, सूर्य झाडांमागे गेला की यावं. आणि आमच्या ट्रॅकवर, चौथ्या जागेपाशी नुसतं उभं राहून दाखवावं.

मग बोलू आपण.

मी बोगुमिला. गावात सगळे बोगुशा म्हणतात. आमच्या ‘बोचान’ क्लबच्या शर्यतींचं निवेदन मी करते. आधी माझे वडील करायचे. म्हणजे या लाउडस्पीकरमधून आमचंच घर दोन पिढ्या गावाचे कान किटवतंय. हे मी कुणाकडून ऐकलेलं सांगत नाही. सगळं घडलं तेव्हा माइक माझ्याच हातात होता.

सुरुवात झाली ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी.

आमचा खेळ झुझेल, खडीच्या गोल ट्रॅकवरची मोटारसायकलची शर्यत. चार जण, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडे, आणि मोटारसायकलला ब्रेक नाही. एके काळी रविवारचं जेवण झालं की अख्खं गाव चालत स्टेडियमवर यायचं. पाद्रीबाबा प्रवचन आटोपतं घ्यायचे, कारण त्यांनाही जागा पकडायची असायची.

आता गॅलरीत म्हातारे, त्यांचे खोकले आणि सूर्यफुलाच्या बियांची टरफलं. सॉसेजच्या कारखान्याने आमच्या जर्सीवरून स्वतःचं नाव काढून घेतलं. विजेचं बिल झेपेना म्हणून मोठे दिवे बंद पडले. शेवटी नगरपालिकेने सांगून टाकलं, या मोसमात गॅलऱ्या भरल्या नाहीत तर ही जागा गोदामाला देऊ.

गोदाम झालं असतं तर माझं काय, मी घरी बसून लोकर विणली असती. जीव तुटत होता तो झेमेकसाठी. माझा भाचा. ओल्शानात जन्मलेला आमचा शेवटचा खेळाडू. दिवसभर टायरच्या दुकानात राबायचा आणि संध्याकाळी ट्रॅकवर जगायचा. दुसरा कुठला क्लब त्याला दारात उभं करणार नव्हता.

आमचे अध्यक्ष गेर्वाझी. यांचा धंदा थडग्यांचे दगड घडवायचा.

“बोगुशाबाई,” ते म्हणाले, “जिवंतांना बघायला लोक येत नाहीत. मेलेल्याला बघायला येतील.”

“तुमच्या धंद्यातलं तुम्हालाच ठाऊक.”

“चेष्टा नका करू हो. सामना संपला की वितेकच्या नावाने एक जादा शर्यत ठेवू. तिघे धावतील. चौथी जागा त्याच्यासाठी रिकामी.”

वितेक म्हणजे माझा धाकटा भाऊ, पूर्ण नाव वितोल्द. झेमेकचा बाप. वीसेक वर्षांपूर्वी याच ट्रॅकवर कुंपणाला धडकून गेला. झेमेक तेव्हा पाळण्यात होता.

खरं सांगू? माझा भाऊ काही देवमाणूस नव्हता. चौथ्या जागेवरून सुटायचा, सगळ्यांना कापत आत घुसायचा, आणि शेजारच्याला बाहेर कुंपणाकडे रेटत न्यायचा. “ट्रॅकवर मला भाऊ नाही, बाप नाही, मूल नाही,” असं छाती ठोकून सांगायचा. एक दिवस समोरचा हटला नाही, आणि वितेकच गेला.

म्हणून मी नाही म्हणत होते.

पण झेमेक माझ्यापाशी येऊन बसला. “आत्या, होऊ दे ना. बाबांचं नाव मला आजवर कशाच्या उपयोगाला आलं? या निमित्ताने तरी येऊ दे.”

मी हो म्हणाले.

त्या रविवारी बऱ्यापैकी गर्दी जमली. चौथ्या जागेवर लाल काचेतली मेणबत्ती पेटवली होती. कुंपणाला वितेकचं जुनं पिवळं हेल्मेट टांगलं होतं.

मी नावं पुकारली. पहिल्या जागेवर लाल हेल्मेट. दुसऱ्या जागेवर निळं. तिसऱ्या जागेवर पांढरं, आपला झेमेक.

मग मी माइक आणखी जवळ घेतला.

“चौथ्या जागेवर, पिवळं हेल्मेट... वितोल्द!”

“हजर!” सगळी गॅलरी एका आवाजात ओरडली.

सुटायच्या रेषेवर ताणलेली फीत वर गेली. इंजिनं गर्जली.

जन्मभर मी ही इंजिनं ऐकत आलेय. स्वयंपाकघरात भांडं पडलं की कुठलं पडलं ते बाईला न बघता कळतं ना, तसं मला कळतं.

ट्रॅकवर माणसं तीन होती...

इंजिनं चार होती.

चौथ्या जागेवरची खडी भस्सकन मागे उडाली. मेणबत्ती विझली.

मी निकाल सांगितले. झेमेक पहिला, लाल दुसरा, निळा तिसरा. आणि माइक खाली ठेवला.

इथेच माझं चुकलं. पण ते मला फार उशिरा कळलं.

लोक घरी गेले. ट्रॅक्टरने ट्रॅक सारखा करणारा फाबियान मधेच थांबून खालून माझ्या निवेदनाच्या खोलीकडे बघत ओरडला, “अगं बाई, तो स्पीकर बंद कर की! रिकाम्या मैदानात कुणाला ऐकवतेस?”

“केव्हाच बंद केलाय.”

त्याने ट्रॅक्टरचं इंजिन बंद केलं.

एक इंजिन फिरत होतं... लांब जायचं, वळायचं, पुन्हा जवळ यायचं. ट्रॅकवर कुणीच नव्हतं. नुसता जळक्या एरंडेलाचा वास. हल्ली ते तेल इंजिनात कुणी वापरत नाही. वितेक वापरायचा.

त्या शर्यतीचे व्हिडिओ मोबाइलवरून गावोगाव गेले. पुढच्या सामन्याला गॅलरी निम्मी भरली. शेजारच्या गावांतून बस भरभरून माणसं आली.

गेर्वाझी हात चोळत फिरत होते. “भूत असो नाहीतर सैतान! आणतोय ना लोकांना?”

जादा शर्यत झाल्यावर झेमेक माझ्या खोलीत वर आला. चेहरा पांढराफटक.

“आत्या, माझ्या डाव्या हाताला कुणीतरी असतं. जागाच देत नाही.”

त्याने हेल्मेट माझ्यापुढे धरलं. पांढऱ्या हेल्मेटच्या डाव्या बाजूला ओरखडा होता.

पिवळा.

“आत्ताच्या आत्ता बंद कर हे सगळं,” मी म्हणाले.

“पुढच्या सामन्याला नगरपालिकेची माणसं येणार आहेत. आता बंद करू?”

आमचं घराणंच हट्टी, त्याला एकट्याला काय दोष द्यायचा!

शेवटच्या सामन्याच्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले. ओतिलिया, म्हणजे वितेकची बायको, त्याच्यानंतर एकदाही स्टेडियमवर आली नव्हती. पण घर इतकं जवळ की माझा आवाज थेट तिच्या स्वयंपाकघरात. झेमेक गाडी तयार करायला निघून गेला. ती माझ्या ताटलीत शेवयांचं सूप वाढत होती.

वर न बघताच म्हणाली, “ताई, तो कितवा आला?”

“कोण, झेमेक? पहिला की.”

“झेमेक नाही. वितेक.”

“काय बोलतेस, ओतिलिया?”

“तुम्ही त्याला नाव घेऊन बोलावलंत. जागा दिलीत, हेल्मेट दिलंत. आणि निकाल मात्र तिघांचे सांगितलेत. दोन्ही वेळा. मी इथून ऐकत होते.” तिने पळी खाली ठेवली. “तुम्हाला माहीत नाही का तुमचा भाऊ? स्पीकरवर स्वतःचा नंबर ऐकल्याशिवाय कधी गाडी थांबवली त्याने?”

मी ताटली बाजूला सारली.

आमच्या खेळात शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. फितीपाशी ज्याला पुकारलं, त्याचा निकाल द्यावाच लागतो. पहिला, शेवटचा, पडला, बाद केला... काहीतरी सांगावंच लागतं. तो गेला त्या दिवशी वडिलांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. त्याचा निकाल तेव्हाही राहिला, आणि आता मीही दिला नव्हता.

तो अजून धावतच होता.

ठरवलं. आज शेवटचं बोलवायचं, निकाल द्यायचा, आणि मोकळं करायचं.

गॅलऱ्या ओसंडून वाहत होत्या. मी पुकारलं. गावाने “हजर!” म्हटलं. फीत वर गेली.

दोन फेऱ्या झेमेक पुढे होता. तिसऱ्या फेरीत, मागच्या वळणावर, तो बाहेर सरकायला लागला...

आणखी बाहेर...

त्याच्या डाव्या बाजूला कुणी नव्हतं. पण खडीचा फवारा उडत होता. त्याच्या अगदी लगत. त्याला कुंपणाकडे रेटत.

“वितेक!” खालून किंकाळी आली. मैदानाच्या फाटकात ओतिलिया उभी होती, कमरेला स्वयंपाकाचा एप्रन तसाच. “वितेक, आपलं पोर आहे ते!”

शर्यत संपायच्या आधी निकाल मी जन्मात कधी दिला नव्हता. माइक तोंडाशी धरला आणि ओरडले,

“वितोल्द, पिवळं हेल्मेट... पहिला! ऐकलंस ना, वितेक? तू पहिला आलास! संपली शर्यत. आता घरी जा!”

एक इंजिन बंद पडलं.

बाकीची तीन चालू राहिली. झेमेकची गाडी कुंपणाच्या फळ्यांना घासत गेली, सावरली, आणि सगळ्यात शेवटी रेषा ओलांडून आली. जिवंत आला पोरगा. मी खुर्चीत बसून ढसाढसा रडले.

नोव्हेंबरात, सगळ्या संतांच्या सणाला गाव आपापल्या थडग्यांवर दिवे लावतं, तेव्हा वितेकच्या थडग्यावरही दिवा लावला. “पहिला आलास हो,” म्हटलं. हिवाळाभर मैदान शांत. एरंडेलाचा वासही गेला.

नगरपालिकेने आणखी एक मोसम दिला.

वसंतात पहिला सामना लागला. लोक फाटकाशी येऊन विचारायचे, “तो येणार का?” नाही म्हटलं की माघारी वळायचे. पुन्हा तेच म्हातारे, तीच टरफलं. गोदामवाले जागेची मापं घेऊन गेले.

गेर्वाझी हातापाया पडले. मी त्यांची चांगली खरडपट्टी काढली.

मग झेमेक आला. हातात पिवळं हेल्मेट.

“आत्या, बाबांना पुन्हा बोलव.”

“डोकं फिरलंय का तुझं? मारत होता तो तुला!”

“माहीत आहे.” त्याने हेल्मेट माझ्या टेबलावर ठेवलं. “पण लोक येत होते. आणि... जन्मात बाबांच्या शेजारी मी तेवढाच होतो गं.”

मी त्याच्या थोबाडीत मारली. मग त्यालाच पोटाशी धरलं. हेल्मेट कपाटात घालून कुलूप लावलं. बोलावणार नाही म्हणजे नाही. क्लब गेला तर गेला.

पण पुढच्या रविवारी गॅलऱ्या गच्च भरल्या. कुणी बातमी पसरवली, देव जाणे. मला तर झेमेकचाच संशय आहे. सामना संपला, आणि कुणी न सांगता तिघे फितीपाशी येऊन उभे राहिले.

मी तीन नावं पुकारली आणि माइक बंद केला.

शांतता...

मग गॅलरीतून कुणीतरी म्हाताऱ्या आवाजात सुरू केलं, “चौथ्या जागेवर, पिवळं हेल्मेट...”

“वितोल्द!” सगळं गाव ओरडलं, आणि उत्तरही गावानेच दिलं,

“हजर!”

झेमेकने मान वळवून शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. ओळखीच्या माणसाला करतो तशी मान हलवली.

फीत वर गेली.

चार इंजिनं.

मी धडपडत माइक चालू केला. “वितेक पहिला! संपली शर्यत!” ओरडले, विनवण्या केल्या. काही उपयोग झाला नाही. झेमेक त्या दिवशी कसाबसा रेषेपार आला. चौथं इंजिन थांबलं नाही.

कसं थांबेल? मी कुठे बोलावलं होतं त्याला? गावाने बोलावलं होतं. निकाल गावानेच द्यायला हवा.

आणि गाव काय ओरडत होतं, माहीत आहे?

“पुन्हा! पुन्हा!”

गोदामाचा विषय आता कुणी काढत नाही. सॉसेज कारखान्याचं नाव पुन्हा जर्सीवर आलंय. ओतिलिया खिडक्या लावून बसते. कपाटाचं कुलूप मी उघडलेलं नाही, पण दाराच्या फटीतून खडी सांडलेली असते... ओली.

हे सांगतेय तेव्हाही ते इंजिन फिरतंय. लांब जातंय, वळतंय, जवळ येतंय.

येत्या रविवारची सगळी तिकिटं संपली आहेत.

तिसऱ्या जागेवर झेमेक आहे.