बुजलेल्या कालव्यातली खेप

"आता मी जे सांगणार आहे, ते तुमच्यातल्या एकाच्याही गळी उतरणार नाही," बोर्तोलो म्हणाला आणि टोपी काढून त्याने गुडघ्यावर आपटली. धुक्याचं पाणी फरशीभर उडालं. "दिर्चे, दोन सावल्या भर."

व्हेनिसच्या गुत्त्यात दारूचा छोटा पेला हवा असला की सावलीच मागतात. दिर्चेने उभ्या जन्मात दुसरं काही भरलं नव्हतं. एकट्या माणसाने दोन मागवाव्यात यात तिला नवल वाटलं नाही. बोर्तोलोने मागवाव्यात यात तर नाहीच. तिने दोन पेले मांडले. त्याने एकच जवळ ओढला.

"आमच्या गळ्याचं सोडा, काका." हा साउरो, घाटावरच्या गोंडोलावाल्यांचा मुकादम, वयाने बोर्तोलोच्या पोरीएवढा. "सकाळी तुमच्या नावेत ती गवती टोपीवाली बसली, सगळ्या घाटाने पाहिली. तुम्ही उगवलात आत्ता, दुपार कलल्यावर, आणि नाव रिकामी. पाहुणी कुठे उतरवलीत तेवढं सरळ सांगा. धुक्यात वाट चुकला असाल तर वल्हं आजच भिंतीला टांगायचं. मला माणसं बुडवायची नाहीत."

दिर्चे पेला पुसत राहिली. वल्हं टांगलं की त्याची मुलगी त्याला पुलापलीकडच्या कोरड्या शहरात नेऊन ठेवणार, लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये. मग या बाकावर बसून थापा कोण मारणार? मार बाबा, तिने मनात म्हटलं, पण आज जरा बेताची मार.

"वाट चुकायला मी काय पर्यटक आहे?" बोर्तोलो म्हणाला. "ऐका. बाई आली. गळ्यात कॅमेरा, ऐन नोव्हेंबरात गवती टोपी. पाय ठेवला तिने नावेत, आणि नाव हलली नाही. केसभर नाही."

"उपाशी असेल बिचारी."

"अरे, माझं मांजर चढलं तरी मला तळपायाला कळतं! बसली, आणि म्हणाली, दोरवाल्यांच्या कालव्याने घरी न्या."

गुत्त्यात हशा पिकला. दोरवाल्यांचा कालवा म्हणजे गुत्त्याच्या पुढच्या दारासमोरची गल्ली. पणज्यांच्या काळात माती लोटून तो बुजवला. पाटीवर नाव मात्र कालव्याचंच राहिलं. दर मोसमात कोणीतरी पाहुणा ती पाटी वाचून गोंडोला मागतो आणि घाटाला वर्षभराचं हसू देऊन जातो.

"मीही हसलो. म्हटलं, बाईसाहेब, त्याला चाकं लावावी लागतील. ती म्हणाली, 'वळा तर खरं.' तेव्हा आंधळ्या वळणावर देतात तशी मी हाळी दिली. ओएऽ! पलीकडे नाव असली तर उत्तर येतं." त्याने घोट घेतला. "आलं."

"कुठून?"

"गल्लीतून. भिंतीच्या आतून म्हण. आणि हाळी कशी, तर माझा आजा द्यायचा तशी, शेवट खाली सोडलेली. मी वल्हं दाबलं. नाव वळली, साउरो. दगड लागला नाही."

कोणी हसलं नाही. हशा आला नाही म्हणून बोर्तोलोलाही जरा चुकल्यासारखं झालं असावं. त्याने पेला फिरवला.

"डांबराचा वास. ओल्या तागाचा वास. घरं आपलीच, पण पायऱ्या खाली पाण्यात गेलेल्या, हिरव्या. वरच्या खिडक्यांत माणसं उभी होती. बोलत नव्हती. आणि दिर्चे, तुझं दार. ती सिंहाच्या तोंडाची कडी. तिला मी नाव बांधली."

दिर्चेचा हात थांबला. पुढच्या दाराशेजारी, भिंतीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर ती कडी होती. बुटक्यांसाठी आहे, म्हणून गिऱ्हाइकं थट्टा करायची. आज झाडताना ती ओली लागली होती. पण धुक्यात काय ओलं नसतं?

"आणि बाई?" साउरोने विचारलं.

"बाई म्हणाली, 'आधी एक सावली घेईन, मग वर जाईन.'"

"सावली म्हणाली? पर्यटक?"

"हेच शब्द. हात दिला, पायरीवर उतरवली, आत गेली. मी नाव सोडली आणि परत आलो. संपलं. वाट चुकलो असेन तर सांग."

साउरो दिर्चेकडे वळला. "मावशी, तुम्ही सकाळपासून इथेच आहात. उतरली का कोणी तुमच्या दारात?"

एक 'हो' पुरलं असतं. ओठांवर होतंही. म्हाताऱ्यासाठी ती याहून मोठं खोटं बोलली असती. धीर यावा म्हणून तिने मागच्या खिडकीकडे नजर टाकली. तिकडे जिवंत कालवा होता आणि खांबाला बोर्तोलोची नाव.

बोर्तोलो आल्यापासून त्या खिडकीला पाठ करून बसला होता.

रिकामी गोंडोला एका कुशीवर कलून राहते; तिची घडणच तशी असते. ही सरळ होती. लाल गादीपाशी खोल बसलेली, भरल्यासारखी.

नावेत कोणी नव्हतं.

वारा नव्हता. मोटारबोटही गेली नव्हती.

मग नाव डुलली. अलगद वर आली, आणि आपल्या कुशीवर कलली.

ओट्यावर दुसरा पेला अजून तसाच भरलेला होता.

"खोटं," दिर्चे म्हणाली. तिला म्हणायचं नव्हतं. "बोर्तोलो, तू तिला उतरवलंच नव्हतंस. ती आत्ता उतरली."