पंचेचाळीस किलो जास्त

गाडी मी भंगारातून उचलली तेव्हा तिच्या हौद्यात कडुनिंबाचं रोप होतं, चांगलं कमरेएवढं. बोपोडीच्या भंगारवाल्यानं त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत, एवढा मोठेपणा त्यानं दाखवला. १९६८ सालची पिकअप. पुढे जीपचं तोंड, मागे उघडा हौदा, आणि मधलं सगळं गंजानं एकमेकांना धरून उभं राहिलेलं. माझी पत्नी हिरा गाडीभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "रोप चांगलं आहे."

हे २००१ साल. दोन वर्षांपूर्वी पिंपरीच्या कंपनीनं मला स्वेच्छानिवृत्ती दिली होती. स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती माझी. सव्वीस वर्षं मी तिथं एकच काम केलं. तयार झालेल्या सुट्या भागांचं वजन तपासायचं आणि चुकलेला भाग बाजूला काढायचा. शेवटी मलाच बाजूला काढलं, तेही न तोलता. खडकीतले आमचे शेजारी तसे भले. "मग ओव्हाळ, सध्या काय?" एवढंच विचारत. त्या प्रश्नाची मला खरोखर धास्ती बसली होती. दूध आणायला मी मागच्या बोळातून जाऊ लागलो होतो.

मार्ग काढला आमच्या मुलीनं, पायलनं. ती नगर रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होती. तिथली चारशे पोरं सकाळी उपाशीपोटी येत आणि अकरा वाजता मशीनच्या कॉफीवर चिडचिड करत. कंपनी आवारात नाश्त्याच्या एका गाडीला जागा द्यायला तयार झाली. अट एकच, गाडी आरटीओकडून पास झालेली हवी, आणि तीही मार्चअखेर. नाहीतर जागा सँडविचवाल्याला. पोहे-उपमा हिरा करणार, गाडी मी चालवणार, आणि "सध्या काय" म्हणणाऱ्याला मी चहा विकणार, असं मनात पक्कं झालं.

गाडी बांधली समाधाननं. खडकी बाजारामागे त्याचं गॅरेज. वय पन्नाशीचं, हात सोन्याचे, तोंड अखंड चालू. पैसा बेताचा, त्यामुळे सगळा माल जुन्या बाजारातून किलोवर आणला. दिवे अँबॅसॅडरचे, हॉर्न रिक्षाचा, वायपर कुठल्याशा बसचा. चालकाशेजारी बसायला बंद पडलेल्या एका थेटरातली खुर्ची मिळाली. माणूस उठला की आपोआप वर मिटणारी. हौद्यावर समाधाननं पत्र्याची खोली चढवली, मागे दार केलं आणि बाजूला वर उघडणारी झडप. झडप उचलली की दुकान तयार. गाडीत इतक्या जातींचे सुटे भाग एकत्र नांदत होते की हिरा म्हणाली, "निदान इथं तरी जमलं."

किलोवर घेण्याचा एक फायदा झाला. काढलेला प्रत्येक भाग वजनानं भंगारात गेला, घातलेला प्रत्येक भाग वजनानं आला. मूळ वजन गाडीच्या कागदावर होतंच. काढलेलं वजा, घातलेलं अधिक. उत्तर आलं चौदाशे वीस किलो. तोच आकडा मी आरटीओच्या अर्जावर लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. पुण्यातल्या दुसऱ्या कुठल्याही गाडीला स्वतःचं वजन इतकं नक्की ठाऊक नसेल.

अर्जासोबत वजनकाट्याची पावती लागते. वाघोलीला, दगडखाणीच्या रस्त्यावर, तात्यारावचा काटा होता. जमिनीत बसवलेला मोठा लोखंडी पाट, त्यावर खडीचे डंपर चढत आणि तात्याराव शेजारच्या खोलीच्या खिडकीतून आकडा ओरडून सांगे. दर गुरुवारी आरटीओचे निरीक्षक तिथं डंपर तपासायला येत. त्यातच तुमचंही उरकू, म्हणाले. त्याआधी रंगीत तालीम म्हणून समाधान आणि मी गाडी काट्यावर चढवली आणि उतरून बाजूला उभे राहिलो.

"चौदाशे पासष्ट," तात्याराव ओरडला.

"चौदाशे वीस," मी म्हणालो.

"काटा सांगतोय, मी न्हाय सांगत. आत कोन हाय का?"

"कोणीही नाही."

"मग जे काय हाय ते उतरवा."

आम्ही चिखल खरवडला. स्टेपनी काढली, जॅक काढला, समाधानच्या पान्यांची पेटी काढली. काढलेल्याचं वजन बरोब्बर कमी झालं, पण वरचे पंचेचाळीस तसेच राहिले. परतताना खडकीतल्या दुसऱ्या काट्यावर गेलो. तिथंही पंचेचाळीस जास्त. दोन काटे एकाच आकड्यानं चुकत नाहीत, हे मी सव्वीस वर्षं इतरांना शिकवत आलो होतो. त्या संध्याकाळी मी सगळी बेरीज सात वेळा केली.

दुसऱ्या दिवशी समाधान म्हणाला, "दादा, गाडी डावीकडे बसलीय." खरंच, चालकाशेजारची बाजू दीड इंच खाली होती. त्यानं त्या बाजूचा स्प्रिंगचा पाटा बदलला. नवा पाटाही बसला. मग मला खुर्ची दिसली. थेटरातली ती खुर्ची खाली उघडलेली होती. मी हातानं वर ढकलली, गेली नाही. मी तिच्या स्प्रिंगला ग्रीस लावलं. समाधान माझ्याकडे बघत उभा राहिला.

"दादा, एक लिंबू आणि सात मिरच्या," तो हळूच म्हणाला. "फार खर्च नाही."

"समाधान, आमच्या घरात भुताखेतांना १९५६ सालापासून प्रवेश बंद आहे. वडिलांनी धम्म घेतला तेव्हाच त्या सगळ्यांची नावं कापली."

"नावं कापली, पण त्यांना कळवलं का?"

मी ग्रीस मात्र अजून लावलं.

रविवारी हिरानं गाडीत पहिल्यांदा पोहे केले, शेगडी नीट पेटते का बघायला. आजूबाजूच्या गॅरेजवाल्यांनी ताव मारला. हिरा मोजून करणारी बाई आहे. बारा प्लेटा केल्या, अकरा माणसांनी खाल्ल्या, आणि बारावीत शेंगदाणे तेवढे उरले होते. मी समाधानकडे बघितलं. त्यानं भीमशपथ घेतली. सोमवारी गाडी वाघोलीला नेली, तेव्हा तात्याराव म्हणाला, "चौदाशे सत्तर."

"मागच्या खेपेला पासष्ट होती!"

"वाढतंय की. काय खायला घालताय?"

हे ऐकून हिरा घाबरेल असं मला वाटलं होतं. ती उलट खुश झाली. "म्हणजे पोहे अंगी लागले," म्हणाली. मग थोड्या वेळानं, भांडी घासता घासता, "शेंगदाणे चावत नसतील. वय झालं असेल."

"हिरा, तिथं कोणी नाही."

"नसू दे. पण गुरुवारी काय करणार?"

गुरुवार म्हणजे एकोणतीस तारीख, मार्चातला शेवटचा. सँडविचवाला कंपनीच्या आवारात येऊन जागेचं माप घेऊन गेला, असं पायलनं सांगितलं होतं. मला झोप लागेना. भुताची भीती नव्हती. पुन्हा त्या मागच्या बोळातून दूध आणायला जायची होती.

"मी बोलून बघते," हिरा म्हणाली.

"कोणाशी?"

"जे कोण आहे त्यांच्याशी. भूत कोण म्हणतंय? बसलेल्या माणसाला उतरा म्हणायला काय जातं?"

बुधवारी दुपारी आम्ही तिघं वाघोलीला गेलो. ऊन कडक होतं, खाणीतून खडीची बारीक धूळ उडत होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गाडी काट्यावर उभी केली. असल्या प्रकाराचा साक्षीदार व्हायला नको म्हणून मी खाणीकडे तोंड करून उभा राहिलो. हिरानं पाटाच्या बाहेर उभं राहूनच डावं दार उघडलं.

"अहो, जरा खाली उतरता का?"

"मी खालीच आहे," मी म्हणालो.

"तुम्हाला नाही. वजन करायचंय हो, दोनच मिनिटं. सावलीत उभे राहा."

खुर्ची फाटकन वर मिटली.

"चौदाशे वीस," तात्याराव ओरडला. "काय काढलं?"

मला आनंद झाला, हे कबूल करतो. भीती वाटायला हवी होती, पण आधी आनंदच झाला, कारण बेरीज बरोबर होती. समाधान मात्र गाडीपासून वीस पावलं लांब जाऊन विडी ओढू लागला.

"या आता, बसा," हिरा दार धरून म्हणाली. खुर्ची हळूच खाली झाली. मी ग्रीसला मनातल्या मनात श्रेय दिलं. निघताना मागच्या दाराची कडी अडकली. समाधान ती ठोकत बसला, आणि तेवढा वेळ दार सताड उघडं होतं. आसपास कोणीच नव्हतं. खाणीच्या काठावर धूळ तेवढी हलत होती. परतीच्या वाटेवर येरवड्याच्या चढाला गाडी दुसऱ्या गियरमध्ये दमली. समाधान म्हणाला, पेट्रोलमध्ये भेसळ असेल.

गुरुवारी सकाळी दहाला आम्ही काट्यावर हजर. निरीक्षकसाहेब तरुण होते, इस्त्रीचे, घाईतले. त्यांनी गाडीभोवती फिरून दिवे बघितले, हॉर्न वाजवला, तो रिक्षाचा आहे हे ओळखून थोडं हसले. मला बरं वाटलं.

"घ्या वजन."

तात्याराव खिडकीत आला. आकडा सांगायला त्याला जरा वेळ लागला.

"सोळाशे पस्तीस."

"अर्जावर किती आहे?" साहेबांनी विचारलं.

"चौदाशे वीस," मी म्हणालो.

"दोनशे पंधरा किलो? ओव्हाळ, आत सिमेंट आहे का?"

"काढतो साहेब. सामान आहे थोडं."

हिरा तोवर पाटाबाहेरूनच दाराशी पोचली होती. तिनं डावं दार उघडलं. "उतरता ना?"

खुर्ची मिटली.

"पंधराशे पंच्याऐंशी," तात्याराव म्हणाला. आता तो ओरडत नव्हता.

हिरानं मागचं दार उघडलं. आत शेगडी, डबे, पातेली. दुसरं काही नाही. "सगळ्यांनीच उतरा हो," ती म्हणाली. "इथूनच बसलात ना काल? परत बसा मग, कोणी नाही म्हणणार नाही."

गाडीचे मागचे पाटे करकरले.

"पंधराशे पंचवीस."

पुन्हा करकरले.

"चौदाशे ऐंशी."

पुन्हा.

"चौदाशे पस्तीस."

आणि तिथं थांबलं.

"अजून कोणी असेल तर उतरा," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. छप्पन्न सालापासूनची बंदी त्या क्षणी मी माझ्या हातानं उठवली, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

"कोणाशी बोलताय?" साहेब म्हणाले.

"गाडीशी. जुनी आहे, साहेब."

आकडा हलला नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं. "पंधरा किलो जास्तच येतंय. अर्ज दुरुस्त करा आणि पुढच्या गुरुवारी या."

पुढचा गुरुवार एप्रिलात होता.

"साहेब, एक मिनिट," हिरा म्हणाली. ती पाटावर चढून मागच्या दारातून आत वाकून बघत होती. पातेल्यांकडे नाही, त्यांच्या खाली, कोपऱ्यात. तिचा आवाज एकदम मऊ झाला.

"लहान आहे," ती मला म्हणाली. "एकट्याला कसं उतरता येईल?"

तिनं दोन्ही हात आत घातले. मग हात जवळ घेत सावकाश मागे आली आणि वळली. चालताना ती एका बाजूला झुकली होती.

"वहिनी, पाटावरून खाली उभं ऱ्हावा," तात्याराव म्हणाला. हिरा खाली उतरली.

"चौदाशे वीस."

साहेबांनी बॉनेटवर कागद ठेवले आणि सह्या सुरू केल्या. तीन प्रती होत्या, प्रत्येकीवर चार सह्या, दोन शिक्के. शिक्क्याची शाई वाळलेली निघाली, तर तात्याराव पाणी आणायला गेला. समाधान गाडीच्या पलीकडे होता आणि तिथून येत नव्हता. हिरा उन्हात उभी होती. डावी कंबर बाहेर काढून, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. तिच्या पदराचं टोक वाऱ्यावर नव्हतं. ते खांद्यापाशी घट्ट ताणलेलं होतं.

"बाईंना बरं नाही का?" साहेबांनी शेवटची सही करत विचारलं.

"कंबर धरलीय," मी म्हणालो.

"अभिनंदन, ओव्हाळ. करा धंदा."

साहेब जीपमध्ये बसून गेले. मी पास झालेला कागद घडी करून खिशात ठेवला. दोन वर्षांत इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. मी हिराकडे गेलो.

"अहो, घ्या जरा," ती म्हणाली. "हात भरून आलाय माझा."

मी दोन्ही हात पुढे केले.

तात्यारावचा काटा पाच-पाच किलोंनी सरकतो, म्हणून त्यानं पंधरा दाखवले. चौदाच्या वर नव्हतं.