रक्तातलं तांबं

ऑपरेशन तिसऱ्यांदा रद्द झालं आणि डॉक्टरीणबाईंचं डोकं सटकलं. लोह दिलं, इंजेक्शनं दिली, तरी शिंपीमास्तरांचं रक्त वाढेना. एवढ्या कमी रक्तावर किडनी बसवणार कशी?

मग नव्या तपासणीचा निकाल आला. रक्तात तांबं जवळजवळ नाहीच. जस्त मात्र भरमसाट.

त्या तडक डायलिसिसच्या खोलीत गेल्या. मास्तर मशीनला जोडलेले, उशाशी बायको. पायाशी धाकटा भाऊ. तो औषधाच्या दुकानात कामाला होता आणि भावाला स्वतःची किडनी देणार होता. त्याचं कौतुक करून नातेवाइकांची तोंडं दुखली होती.

"मास्तर, त्रास काय काय होतो?"

"पाय बधिर. शिलाई मशीनचं पायडलसुद्धा कळत नाही. तोंडाला सारखी पत्र्याची चव."

"जेवण कोण करतं?"

"मीच," बायको म्हणाली. "एकाच पातेल्यातलं दोघं खातो."

"वहिनी काढेही पाजते," भाऊ हळूच म्हणाला.

"पाजायचे! बाई ओरडल्या, तेव्हाच बंद केले."

"आणि गोळ्या?"

"भाऊजी दर आठवड्याला डबी भरून देतात. यांना बारीक दिसत नाही, मला वाचता येत नाही."

"डबी बघू."

"घरी राहिली," भाऊ म्हणाला.

"आहे की माझ्या पिशवीत!"

प्रत्येक कप्प्यात दोन पांढऱ्या गोळ्या जास्तीच्या होत्या. बाईंनी त्या कधीच लिहून दिल्या नव्हत्या.

"या जस्ताच्या. थोडं जस्त औषध असतं. अति झालं की ते तांबं अंगी लागू देत नाही. तांब्यावाचून रक्त बनत नाही, नसाही बिघडतात. जेवणात काही असतं तर बायकोही आजारी पडली असती. काढे तर कधीच बंद झाले. मास्तरांना मारायचं असतं तर याहून सोपे उपाय होते. हे करणाऱ्याला ते जिवंत हवे होते, फक्त ऑपरेशन नको होतं." त्या भावाकडे वळल्या. "ते कोणाला नको होतं?"

भाऊ मास्तरांकडे बघत म्हणाला, "घाबरलो रे, दादा. चारचौघांत हो म्हणून बसलो, मग मागे फिरता येईना. रक्त कमी राहिलं की तारीख पुढे जाईल, एवढंच..."

"यांचे पाय?" बायकोने विचारलं.

"रक्त भरून येईल. पायांचं सांगता येत नाही."

मास्तरांनी उशीवरून मान उचलली.

"नाही म्हणायचं होतंस. या मशीनवर काढले असते दिवस. पायडल तरी मारलं असतं."

भावाने त्यांच्या पायांवर हात ठेवला. मास्तरांना तो कळलाच नाही. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"याला बाहेर जायला सांग."