सगळ्यात मागची, सगळ्यात खालची

माझी खोली हलत नाही, अशी तक्रार करणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदाच पाहिला.

सहलीच्या जहाजाच्या काउंटरवर मी त्याच्या मागे उभी होते. नुकतं उजाडलेलं, मुलगा-सून अजून अंथरुणात. शाल घट्ट ओढून, मान ताठ करून आले होते. जे मागायचं होतं ते मान ताठ ठेवूनच मागायचं, असं ठरवलं होतं मी. आणि पुढे हा उंचापुरा गडी, पांढऱ्या झुपकेदार मिशा, काउंटरवरच्या मुलीला काकुळतीनं सांगतोय,

"पोरी, खोली छान आहे गं. पण फार गप्प आहे. डोळ्याला डोळा नाही लागत!"

ती हसू दाबत म्हणाली, "काका, जहाजाच्या मधोमधची, खालच्या मजल्यावरची खोली आहे ती. सगळ्यात स्थिर. लोक मागून घेतात!"

"मग दे की मागणाऱ्याला. मला एखादी हलणारी बघ."

"एकही खोली रिकामी नाही हो, काका."

तो हिरमुसून वळला, तर समोर मी. मला रस्ता देत म्हणाला, "या बाई. तुमची तरी हलते का?"

आता काय सांगू! माझी खोली नुसती हलत नव्हती, तिला थंडी भरली होती.

झालं होतं असं. माझं काचसामानाचं दुकान आहे. शाळेत मी फार गेले नाही, पण हे गेल्यावर दुकान मी एकटीनं वाढवलं, आणि एक नेम कधी मोडला नाही. नाजूक माल सगळ्यात मागे आणि सगळ्यात खालच्या फळीवर. तिथे कुणाचा कोपर लागत नाही, कुणाची पिशवी आपटत नाही. मुलानं जहाजाचा नकाशा पुढे ठेवला आणि म्हणाला, "आई, मधली खोली घेऊ या, तिथे हादरे बसत नाहीत म्हणे." मी सगळ्यांदेखत त्याला झापलं. "मला शिकवतोस? नाजूक माल कुठे ठेवायचा ते माझ्याइतकं कुणाला कळतं?" आणि घेतली सगळ्यात मागची, सगळ्यात खालची.

जहाज ढकलणारे पंखे नेमके माझ्या उशीखालीच असतील, हे मला काय स्वप्न पडणार होतं?

पलंग थरथरे, आरसा थरथरे. आणि फळीवरचे दोन काचेचे पेले... किणकिण, किणकिण, किणकिण. जन्मभर ज्या आवाजाला 'गेलं, फुटलं काहीतरी!' म्हणून धावले, तो आवाज कानाशी. झोप लागेल? पण मुलाला सांगायचं म्हणजे 'चुकले' म्हणायचं. हा शब्द माझ्या तोंडाला सवयीचा नाही.

"हलते," मी त्या मिशीवाल्याला हळूच म्हटलं. "पण कुठे बोलू नका."

त्याचा चेहरा असा उजळला, जसं मी त्याला बाग दाखवते म्हटलं!

चहाच्या टेबलावर कळलं, त्याची पिठाची गिरणी आहे. घर गिरणीच्या वरच. "पायाखालची जमीन गुणगुणत असली की मला बरं वाटतं," तो म्हणाला. "ही गेली त्या दिवशी गिरणी बंद ठेवली होती. तेव्हापासून शांतता झाली की वाटतं, आता कुणीतरी काहीतरी वाईट सांगणार." मग लगेच हसला. "लेकीनं लाडानं शांत खोली घेऊन दिली. तिला कसं सांगू?"

"माझ्या मुलाला कसं सांगू?" मी म्हटलं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोन चोर असे बघत असतील.

तो माझी खोली बघायला आला. दार सताड उघडं ठेवूनच, मी काही वेडी नाही. त्यानं भिंतीवर तळहात टेकला, डोळे मिटले आणि म्हणाला, "वा!"

"गाणं चालू आहे का?"

"ऐकू येत नाही तुम्हाला?"

"मला पेले ऐकू येतात."

त्यानं खिशातून रुमाल काढला, घडीवर घडी घातली आणि दोन पेल्यांच्या मध्ये सरकवला. किणकिण थांबली... एकदम! इतक्या वर्षांत माझ्या दुकानात कितीतरी माणसं आली, पण काचेला इतक्या जपून हात लावणारा गडी मी पाहिला नव्हता. बघते तर पेले गप्प, आणि छातीतच काहीतरी किणकिणायला लागलेलं. या वयात!

मग आमचा उद्योग सुरू झाला. जेवणं उरकली की मधल्या जिन्यापाशी किल्ल्यांची अदलाबदल. तो माझ्या थरथरीत निजायचा, मी त्याच्या शांततेत. उजाडताच पुन्हा जिन्यापाशी, कारण मुलगा सकाळी चहा घेऊन माझ्या दाराशी यायचा. सामान ज्याचं त्याच्या खोलीत, त्याचं दाढीचं सामान तेवढं बरोबर. फक्त झोप बदललेली.

"झोप झाली का काचवाल्या बाई?"

"झाली. तुमच्या उशीला पिठाचा वास येतो."

"खोटं! उशी जहाजाची आहे."

"मग तुमच्या अंगाला येत असेल."

"तुम्ही वास घेत होतात?"

"चला, किल्ली द्या!"

दुसऱ्या दिवशी मी जिन्यापाशी जरा लवकरच गेले. तर तो आधीच पायरीवर बसलेला... केस नीट विंचरून. रेलिंगवर समुद्राचे तुषार, त्याच्या मिशीवरही दोन थेंब. मी शालीचं टोक पुढे केलं आणि मागे घेतलं. त्यानं ते पाहिलं आणि नजर समुद्राकडे वळवली. शहाणा माणूस.

"परवा उतरायचं," तो म्हणाला.

"हो."

"मग किल्ल्या..."

"किल्ल्या जहाजवाल्यांच्या. देऊन टाकायच्या."

बोलले खरी, पण हातातली किल्ली काही पुढे करवेना. हा माणूस गिरणीत जाणार, मी दुकानात. मधल्या जिन्याला कुणी विचारणार नाही.

आणि त्याच विचारात उशिरा डोळा लागला, म्हणून शेवटच्या सकाळी मला वेळेवर जाग आली नाही.

धावतपळत मागच्या गल्लीत पोचले तर चित्र असं. माझ्या खोलीचं दार उघडं. दारात गिरणीवाले, अर्ध्या गालाला साबणाचा फेस. समोर माझा मुलगा, हातात चहाचा कप. त्याच्या मागे सूनबाई, डोळे बशीएवढे.

"आई!" मुलगा मला बघून ओरडला. "हे कोण? तुझ्या खोलीत?"

गिरणीवाले सज्जन माणूस. घाईघाईनं म्हणाले, "गैरसमज नको. तुमच्या आईंना या खोलीचा फार त्रास..."

"गप्प बसा!" मी गरजले.

तिथे उभ्या उभ्या माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. खोली निवडताना चुकले म्हणायचं, आणि मुलाचं ते 'मी सांगत होतो ना' जन्मभर ऐकायचं. नाहीतर...

"खोलीला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "खोली एकदम उत्तम आहे. हे माझ्याकडे येतात, कारण मला आवडतात. तुला काही अडचण?"

चहा मुलाच्या बुटावर सांडला. सूनबाईनं तोंडावर हात ठेवला, पण खांदे हलत होते तिचे. जहाजामुळे नव्हे. मग तिनंच नवऱ्याचा दंड धरला. "चला हो. आईंना खोली आवडलीय म्हणतात ना!"

दोघं गेली. गल्लीत आम्ही दोघंच, आणि पायाखाली ती घुमघूम.

गिरणीवाल्यांच्या गालावरचा फेस सुकत चालला होता. ते हळूच म्हणाले, "बाई... एक विचारू? खरं बोललात, का खोलीची अब्रू राखलीत?"

मी आत पाहिलं. फळीवर दोन पेले, मध्ये तोच रुमाल, घडी जराही न विस्कटलेली.

"तोंड उघडलं ते अब्रू राखायलाच," मी म्हटलं. "पण निघालं ते... खरं निघालं."

"मी मात्र पहिल्या सकाळीच सांगणार होतो."

"काय?"

"मला खोली नको होती. म्हणजे हवी होती, पण काउंटरवर वळलो, तुम्ही दिसलात... मग तुमच्याशी बोलायला निमित्त हवं होतं. नाहीतर कुणी अनोळखी बाईला खोली हलते का, असं विचारतं का?"

"तरीच म्हटलं, माणूस दिसायला बरा पण बोलायला बावळट कसा!"

"दिसायला बरा?"

"गाल पुसा आधी," मी म्हटलं, आणि या खेपेला शालीचं टोक मागे घेतलं नाही.

आता मी गिरणीच्या वर राहते. दुकान सूनबाई बघते, रोज एक चक्कर मारून मी तिच्या चुका काढते. इथे दिवसभर जमीन गुणगुणते, फडताळातले पेले किणकिणतात. हे कधी रुमाल घेऊन उठले तर मीच म्हणते, "राहू द्या." दुपारी जरा लवंडते, आणि गिरणी थांबली की लगेच जाग येते. "काय हो, काय झालं?" म्हणून जिन्यावरून हाक मारते. खालून उत्तर येतं, "काही नाही, पट्टा बदलतोय." मग पुन्हा डोळा लागतो.

परवा मुलगा पुन्हा जहाजाचा नकाशा घेऊन आला. पसरला आणि काही बोलायच्या आधीच माझ्याकडे चोरून बघायला लागला. "आई, या खेपेला मधली घ्यायची का? स्थिर असते..."

ह्यांनी मिशीतल्या मिशीत हसून मान खाली घातली.

"मला शिकवू नकोस," मी म्हटलं. "सगळ्यात मागची, सगळ्यात खालची. दोघांना मिळून एकच."