मावेल तेवढा रणजीत

वारंगा फाट्यावर माझं फोटो-व्हिडिओचं दुकान आहे. लग्नाच्या शूटिंगला हल्ली कोण विचारतो? लोक मोबाइलमधले व्हिडिओ लहान करून घ्यायला येतात. फाईल लहान करायची तर काहीतरी सोडावं लागतं. मी भिंती, आभाळ, मांडव पुसट होऊ देतो आणि चेहरे सांभाळतो. भिंतीसाठी अजून कोणी भांडायला आलेलं नाही.

तांड्यावरच्या शकुंतलामावशी पेनड्राइव्ह घेऊन आल्या. त्यांचा मुलगा रणजीत गेल्या वर्षी हायवेवर ट्रकखाली गेला. मुलीने, पुजाने, त्याचे सगळे व्हिडिओ भरून दिले होते. ते मावशींना रणजीतच्याच जुन्या फोनात हवे होते आणि त्या फोनात जागा नव्हती.

"समदे बसव बाबा लतीफ. एक बी टाकू नको."

सगळे व्हिडिओ एकदम रांगेत लावले, क्वालिटी मध्यम ठेवली. धूळ येते म्हणून शटर अर्धं ओढलेलं. आत पंखा गरम वारा ढवळत होता, बाहेर ट्रकचे ब्रेक किंचाळत होते.

काम झाल्यावर पुजाच्या हळदीचा व्हिडिओ उघडला. पाहुण्यांचे चेहरे विरघळले होते. रणजीत मात्र लख्ख. मघाशी मूळ व्हिडिओत तो मांडवाच्या कडेला नाचताना दिसला होता. आता मधोमध उभा राहून आमच्याकडे बघत होता.

सॉफ्टवेअरने घोळ घातला म्हणून मी त्याला दोन शिव्या हासडल्या.

फायली तरीही फोनात मावेनात. क्वालिटी आणखी उतरवली. पाहुणे गेले, मांडव गेला. रणजीत पुढे आला. शेतातल्या व्हिडिओतही तसाच, यात्रेतल्या व्हिडिओतही तसाच.

"लई साफ दिसून राहिलं पोरगं," मावशी हरखून म्हणाल्या. "अजून बारीक कर. बारीक केलं की जवळ येतंय."

मी केलं. खरं तर मलाही बघायचं होतं.

आता त्याचे खांदे चौकटीला टेकले होते. मान वाकलेली. दोन्ही तळवे कडांवर दाबलेले, बोटांची टोकं पांढरी पडलेली.

"मावशी, त्याला जागा पुरेना."

मावशींचा हात तोंडावर गेला. "मंग मोठं कर की! काहून बसून राहिला?"

एकदा लहान केलेली फाईल मोठी होत नाही. जे सोडलं ते गेलं. पण मूळ फायली होत्या ना. मी घाईघाईने पेनड्राइव्ह उघडला.

हळद चालू होती, डफ वाजत होता. सगळे नाचत होते. मांडवाच्या कडेला एक जागा रिकामी होती आणि नाचणारे तिला वळसा घालून जात होते.

मी भ्यालो, सरळ भ्यालो.

मावशी स्टुलावर बसल्या. स्टूल माझ्या आणि शटरच्या मधे होतं.

"माझा एक व्हिडिओ काढ," त्या शांतपणे म्हणाल्या. "बारीक कर, अन् त्याच्यात घाल."

"असं होत नसतं, मावशी."

"एकटं हाय लेकरू."

त्यांनी पदर सारखा केला, कॅमेऱ्याकडे तोंड केलं.

मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. ती लहान फाईल बंद करायला तेवढा वळलो.

रणजीत अंग चोरून कडेला सरकला होता. शेजारी एका माणसापुरती जागा झाली होती.