बोळातला खांदा

पाय वर घ्या आणि मध्ये बोलू नका. ज्याला पटणार नाही त्याने खुशाल आत जाऊन झोपावं. ही ऐकीव थाप नाही. आमच्या शेजारच्या वाटाड्याच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे, आणि त्याची बायको मला काका म्हणते.

हा वाटाड्या पाहुण्यांना शहर दाखवतो. मोठ्या इमारती, बागा यांच्याकडे तो ढुंकूनही बघत नाही. त्याची फेरी आडबाजूची. नुसती बटणं विकणारं दुकान. बाहुल्यांचा दवाखाना, तिथे छताला हातपाय टांगलेले. घड्याळाचा मनोरा, त्याची चौथी तबकडी नुसती रंगवलेली, वर्षानुवर्षं सव्वासातच. आणि सगळ्यात शेवटी, दोन गोदामांमधला बोळ. असा अरुंद, की जाड्या माणसाने पोट घरी ठेवून यावं. पलीकडे छोटंसं अंगण, आणि अंगणात कुठल्याच दाराशी न पोचणारा जिना.

बोळात दिवा लावायचा नाही, गंमत त्यातच. प्रत्येकाने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. पुढे वाटाड्या, सगळ्यांच्या मागे त्याची बायको, पिशवीत बॅटरी घेऊन. ती बाहेर पडली की ओरडायची, "शेवट!" तो आवाज आला की वाटाड्या पुढचं बोलायला मोकळा. वळून माणसं मोजायची त्याला सवयच नव्हती. बायकोवर विश्वास, दुसरं काय.

मागच्या डिसेंबरातला दुसरा गुरुवार. अमावास्या-बिमावास्या काही नव्हती. रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेले. पाहुण्यांत एक निवृत्त हेडमास्तर होते, सगळं आधीच माहीत असलेले. त्यांनी वाटाड्याचं डोकं पिकवलं होतं. कधी एकदा फेरी आटोपते, असं त्याला झालेलं.

बोळाशी आल्यावर बायको हळूच म्हणाली, "अहो, आज हा राहू द्या ना."

"का गं?"

"काय माहीत. आत जायला नको वाटतंय."

"लोक याच्यासाठीच तर येतात. चल."

शिरले आत. शेवटून दुसरे हेडमास्तर, त्यांच्या मागे ती. वाटाड्या अंगणात पोचला, मागून एकेक जण बाहेर आला, आणि लगेच हाक आली, "शेवट!" जरा लवकरच आली, असं त्याला वाटलं. पण आवाज तिचाच. तो जिन्याची गोष्ट रंगवून सांगू लागला. ती संपल्यावर हेडमास्तरांनी विचारलं, "बाई कुठे आहेत?"

तो हसला. मग वळून बघितलं.

"माझ्या खांद्यावरचा हात मध्येच सुटला," हेडमास्तर म्हणाले. "मला वाटलं, बाहेर आलो म्हणून सोडला."

"पण ती शेवट म्हणाली ना?"

"म्हणाल्या. सगळ्यांनी ऐकलं."

वाटाड्या तसाच अंधारात शिरला, अंगणाच्या बाजूने. भिंती अंगाला घासत होत्या. निम्म्यात श्वास ऐकू आला. तिचाच...

"थांबलात का?" ती कुजबुजली. "किती वेळ झाला... चला ना पुढे."

"कोणाशी बोलतेस?"

त्याने हात लांब केला. तिचं मनगट लागलं. हात समोर धरलेला, खांद्याच्या उंचीला. बोटं वाकलेली. त्याने चाचपलं. बोटांखाली काही नव्हतं.

"अहो... तुम्ही इतक्या लांब आहात?"

"हो."

"मग माझा हात कोणावर..."

तिची बोटं त्याच्या हातात एकदम मिटली. काहीतरी टरकन फाटलं.

मग बॅटरी लागली.

समोर तो. मध्ये कोणी नाही.

घरी येईपर्यंत तिने मूठ उघडली नाही. दार लावल्यावर म्हणाली, "मी घाबरले नव्हते हो. मला वाटलं, तुम्हीच न्यायला मागे आलात, म्हणून तर उभी राहिले. तो तुमचाच खांदा होता. शिडीवरून पडलात तेव्हा हाड वाकडं सांधलं, ती गाठ मला कळत नाही का? फक्त थंड होता. आणि... श्वासाबरोबर हलत नव्हता."

मूठ उघडली. आत फिकट निळ्या कापडाची चिंधी, पांढऱ्या रेघांची. वाटाड्याच्या अंगातला शर्ट तपकिरी होता, आणि धड होता. असलं कापड त्याच्याकडे कधीच नव्हतं.

तेव्हापासून बोळ बंद. त्याचे कपडे आता तीच आणते, निळं काही घरात येऊ देत नाही. "काका, यांना काही झालं तर मी काय करू," म्हणते आणि रडते. मी समजूत घालायचो, पोरी, मनाचे खेळ असतात. मोठा शहाणा मी.

परवा वाटाड्याच्या धाकट्या भावाने परगावाहून पुडकं पाठवलं. मी तिथेच चहा पीत होतो. तिने सोडलं. नवा कोरा शर्ट. घडी मोडलेली नव्हती, टाचण्याही तशाच. फिकट निळा, पांढऱ्या रेघांचा.

उजव्या खांद्याला तेवढा तुकडा नव्हता.

चिंधी कपाटात आहे. ती आणून लावून बघायला त्या दोघांपैकी कोणी उठलं नाही. मीही नाही.